कळलावीचं मूळ

१

मूळ सापडलं ते शनिवारी सकाळी, गोजराबाईच्या खोलीत, नाचणीच्या कणगीमागं. फडक्यात गुंडाळलेलं, नांगरासारखं वाकलेलं, अंगठ्याएवढं जाड. पोलीसपाटील कोंडिबानं ते फडकं ओसरीवर आणून उलगडलं, तशी जमलेली माणसं दोन पावलं मागं सरली. माले गावात कळलावी कुणाला ओळखून दाखवावी लागत नव्हती. पावसाळ्यात डोंगरउतारावर तिची लालपिवळी फुलं जाळासारखी पेटलेली असत, आणि पोर चालायला लागलं की आई त्याला पहिली ताकीद देई ती त्या विषारी वेलाला हात न लावण्याची.

"आता आनिक काय पुरावा पायजे?" कोंडिबा म्हणाला. "मुळशीतल्या त्या बाईनं मागं कळलावी खाल्ली हुती. वाचली, पर डोईवर केस राह्यला न्हाई. आन हितं कुशाबाचं डोकं बगा."

कुशाबा खांबाला टेकून बसला होता. सेहेचाळीस वर्षांचा गडी. चार महिन्यांमागं भाताचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणारा. आता डोक्यावर पंचा, पंच्याखाली सोललेल्या नारळासारखी टाळू, आणि पाय असे पडलेले की जणू ते त्याचे नव्हतेच.

भिवाजी पायरीवर उभा राहून हे पाहत होता. पुण्याच्या दिवाणी कोर्टात त्यानं तीस वर्षं बेलीफाची नोकरी केली होती. मावळ-मुळशीतल्या गावोगाव सायकलीवरून समन्स पोचवले होते. नवरा घरात असताना 'परगावी गेल्यात' म्हणणाऱ्या बायका, आणि स्वतःच दार उघडून 'तो मी नव्हेच' म्हणणारे बाप त्यानं पाहिले होते. माणूस आपल्या उंबऱ्यावर कसा खोटं बोलतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. गेल्या साली तो निवृत्त झाला. यंदाचा उन्हाळा पुण्याला लेकीकडं काढून चार दिवसांपूर्वीच गावी परतला होता, आणि कुशाबाला पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कारण कुशाबा त्याचा नुसता शेजारी नव्हता. दोघांचं मूळ गाव धरणाखाली गेलेलं. गाव सोडलं तेव्हा भिवाजी सोळाचा, कुशाबा सातेक वर्षांचा आणि तापानं फणफणलेला. कुशाबाची आई आधीच वारली होती. त्याला पाठुंगळी घेऊन चढण चढली ती त्याच्या थोरल्या भावाची पंधरा वर्षांची बायको, गोजरा. मागं वळून न बघता ती चालत होती आणि भिवाजी तिच्या मागून भांड्यांची पाटी घेऊन. पुढं भाऊ गेला, ती विधवा झाली, पण त्या घरातनं हलली नाही. कुशाबाला तिनंच वाढवलं.

"कोंडिबा," भिवाजी म्हणाला, "सोमवारपातूर थांब. मग पौडच्या ठाण्याला वर्दी दे."

"भिवादादा, तुमी म्हणताय म्हणून. सोमवारी चावडीवर सोक्षमोक्ष. तवर तिनं चुलीफुडं जायचं न्हाई."

माणसं पांगली. भिवाजी कुशाबाशेजारी बसला.

"तुला तरी पटतंय का ह्ये?"

कुशाबानं मान वर केली नाही. "आठ दिस झालं दादा, मी वयनीच्या हातचं खाल्लं न्हाई. माज्या पानात इष हाय, ह्ये मला मूळ गावायच्या आधीपास्नंच ठावं हुतं."

२

लीलाबाई, कुशाबाची बायको, परसात भांडी घासत होती. आतून जयाच्या जात्याचा आवाज येत होता. जया एकुलती लेक. बारा दिवसांवर तिचं लग्न होतं.

"सुरवात कवा झाली?" भिवाजीनं विचारलं.

"चैतात. आदी जबडा दुखाया लागला. कोर्टाच्या तारखेस्नं आलं की दोन दिस जबडा धरून बसायचं. भाकर चावंना, दुधात कुस्करून द्यायची." तिनं हात थांबवला. "मग केस. उशीवर मूठमूठ पडायचं. मग पोट."

"ढाळ? वकाऱ्या?"

"न्हाई, उलटं. पाच-पाच, सा-सा दिस परसाकडंला होत न्हाई. आन आता पाय. चिखलणीत चालावं तसं गुडघं उचलून चालत्यात. परवा पायातली वहाण वाटंवर ऱ्हायली, ती घरी आल्यावर कळली. सदऱ्याची बटनं बी जया लावून देती."

"सदरा? ह्या उन्हात? कुशा तर जन्मभर बंडीवर राहिला."

"व्हय. चैतापास्नं लांब हाताचा सदराच घालत्यात. म्या बी इचारलं. म्हणाले, कोर्टात बंडी बरी दिसत न्हाई."

खटला खराच होता. बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या तुकड्याच्या हद्दीवरून तो सात वर्षं चालला होता, आणि भिवाजीलाही ते माहीत होतं.

"तारखा लई पडत्यात?"

"दर मंगळवारी. मंगळवारी सकाळच्या एष्टीनं जायचं, बुधवारी सांजच्यानं यायचं. चैतापास्नं येक मंगळवार चुकला न्हाई."

भिवाजीला काहीतरी खटकलं, पण नेमकं काय ते हाती लागेना.

"दिवाळीत त्याच्या मानंला गाठ हुती," तो म्हणाला. "सुपारीयेवडी. मी म्हणालो हुतो, दाखीव कुनाला तरी."

"ती बसली की," लीलाबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर त्या सकाळी पहिल्यांदा थोडं समाधान दिसलं. "माघात तर आवळ्यायेवडी झाली हुती. सारका पंचा गुंडाळून असायचं. देवऋष्यानं अंगारा दिला, दोन म्हयन्यांत पार बसली. अंगाऱ्याचा गुन. तेवडं येक बरं झालं बगा."

भिवाजी उठला. जो माणूस मरायला टेकला, त्याच माणसाची गाठ बरी होत होती. हे कोडं घेऊन तो परसातनं बाहेर पडला, आणि कुंपणाशी जया उभी होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "म्हसू धनगराला इचारा. त्यानं बाला शाप दिला हुता."

३

म्हसूचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, माळावर बसला होता. मेंढ्या चरायला गेल्या होत्या, आणि म्हसू बाभळीखाली लोकर कातरायच्या कातरीला धार लावत होता.

"दिला की शाप," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू, बेलीफसायेब? बा-आज्यापास्नं आमची मेंढरं कुशाबाच्या रानात बसत्यात. आमास्नी धान, त्यास्नी खत. औंदा म्हणला, नगं. का, तर न्हाई सांगत. मी मेंढरू भादरत हुतो. तोंडातनं गेलं, तुजं बी डोकं असंच भादरून निगंल. आठ दिसांनी खरंच केस गळाया लागलं." त्यानं कातर खाली ठेवली. "तवापास्नं झोप न्हाई मला. बिरोबाला कोंबडं बोलून बसलोय, त्याचं केस परत येऊ देत म्हणून."

भिवाजीला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. "मेंढरं का नगं म्हणाला आसंल?"

"रानात बसवली की मालकानं रातीचं राखणीला यावं लागतं. त्याच्यात तेवडी ताकदच न्हवती, ह्ये आता कळतंय. तवा कळलं न्हाई."

"गोजराबाईच्या खोलीत कळलावी गावली, म्हसू."

म्हसूनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं गोजराबाईच्या घरात चूल सापडल्याचं सांगितलं होतं.

"सुईन हाय ती, सायेब. माजी सून चार दिस अडली हुती. गोजराबायनं तीच मुळी उगाळून पोटाला आन तळपायाला लावली, तवा बाळ-बाळतीन मोकळं झालं. पौडापातूरच्या बायांस्नी ठावं हाय. मुळी पोटात घ्यायची न्हाई, लावायची. आन काम झालं की लगी धुवून काडायची. कसं धुवावं त्ये बी ती बजावून सांगती."

"मग सकाळी बायांनी कुनी तोंड का उघडलं न्हाई?"

"बाळतपणाचं कुनी चावडीवर बोलतं व्हय?"

"कळलावी पोटात गेली तर काय हुतं?"

"आमची शेळी खाऊन मेली हुती. रगत हागली. मुळशीची ती बाय बी तीन दिस वकत आन ढाळत हुती, जीव कंठाशी आला, केस गेलं ते मागनं."

कुशाबा ओकला नव्हता. त्याला ढाळ लागले नव्हते. त्याचं पोट दगडासारखं बंद होतं. म्हणजे मूळ खरं होतं आणि आळ खोटा होता. पण मग कुशाबाला झालं होतं काय?

४

गोजराबाई गोठ्याच्या पडवीत घोंगडीवर बसली होती. शेजारी एक गाठोडं बांधलेलं. चौपन्न वर्षांची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. भिवाजी आला तशी तिनं पदर सारखा केला.

"कुटं निघालात, वयनी?"

"म्हायारी."

"म्हायारी हाय कोण आता?"

"कुनी न्हाई. पर तेवडंच नाव घेता येतंय."

भिवाजी पालथ्या पाटीवर बसला. तिनं केलंय का, हे त्यानं विचारलं नाही. तसं विचारायला त्याची जीभ रेटली नसती. समोर डोंगराच्या खांद्यावर ढग येऊन थबकले होते.

"आपल्या गावात," गोजराबाई म्हणाली, "नदीला चोंढ्यापाशी खेकडं लई मिळायचं. कुशा आदल्या राती तुमच्याकडं निजायचा, पहाटं खेकड्याला जायचं म्हणून."

"आन तुमी रस्सा करायचा."

"व्हय. पाणी चढलं तवा सासऱ्यांनी दार काढून न्ह्यायचं ठरीवलं. म्या म्हणलं, चूल कशी न्ह्यावी? मातीची चूल. हातानं लिंपलेली." ती हसली. "वेडीच हुते. चुलीसाटी रडले. मग दरसाल वैशाखात पाणी उतरलं की तुमी दोगं बगाया जायचा. तुमची सुट्टी लागायची, कोर्ट म्हयनाभर बंद, तुमी पुण्यास्नं यायचा. मी शिदोरी बांधून द्यायची. देवळाचा चौथरा दिसला का, येवडंच इचारायची. औंदा पैल्यांदाच कुनी गेलं न्हाई. तुमी लेकीकडं, आन ह्यो तारखंला—"

भिवाजी उठून उभा राहिला.

"वयनी, काय म्हणालात?"

"औंदा कुनी गेलं न्हाई."

"त्याच्या आदी."

"तुमची सुट्टी. कोर्ट बंद."

तीस वर्षं त्यानं ती सुट्टी उपभोगली होती. मे महिना लागला की दिवाणी कोर्टाला कुलूप. उघडायचं ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. आज जूनची चार तारीख होती. कोर्ट अजून उघडलं नव्हतं. आणि कुशाबा मे महिन्यातल्या पाचही मंगळवारी तारखेला जाऊन आला होता.

५

त्यानं कुशाबाला घरात गाठलं नाही. आधार देत देत रानाच्या बांधावर आंब्याखाली नेलं. शंभर पावलांची वाट, पण कुशाबाचा पाय तीनदा ठेचकाळला.

"कोर्ट म्हयनाभर बंद हाय, कुशा," भिवाजी म्हणाला. "तू कुटल्या तारखंला जात हुतास?"

कुशाबानं तोंड फिरवलं. भिवाजीनं त्याचा डावा हात मांडीवर घेतला आणि मनगटावरचं बटण काढून बाही वर सारली. कोपरापासून मनगटाकडं एक शीर काळपट, कडक झाली होती, वाळलेल्या सुतळीसारखी. तिच्यावर सुयांच्या खुणा होत्या.

"मुंबईला जातो," कुशाबा म्हणाला. "मोठ्या इस्पितळात. मानंच्या गाठीचा क्यान्सर हाय म्हणत्यात. आठवड्याला येक सुई."

आंब्यावर कावळा ओरडत होता. भिवाजीनं बाही परत खाली ओढली आणि बटण लावलं.

"मला सुदिक सांगितलं न्हाईस."

"कुनालाच न्हाई. लीलीला बी न्हाई. जयाचं लगीन जमत हुतं. क्यान्सर म्हणलं की लोक घरचं पानी पीत न्हाईत, दादा. घराण्यात रोग हाय म्हणलं असतं आन पोरगी घरात बसली असती. म्हणलं, येवडं लगीन हुईपातूर कळ काडायची."

"आन वयनीचं नाव निगालं तवा?"

"ते मला खरं वाटतंय." कुशाबानं डोक्यावरचा पंचा ओढून घेतला. "तुमाला काय वाटतं, मला सोपं गेलं? पर औषधानं गाठ बसली, दादा. माज्या हातानं चाचपून बगतोय, बसली. जे औषद गुन देतंय, ते पाय कशाला मारंल? मग ह्ये दुसरं कशानं? पोटात जातंय ते घरचंच की."

"जबडा कवा दुखायचा?"

"मुंबैस्नं आलो की."

"म्हंजी घरचं खायच्या आदी."

कुशाबा गोंधळला. भिवाजीनं पुढचा प्रश्न सहज विचारला. त्या प्रश्नाशी सगळं येऊन ठेपेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

"तितल्या डाक्टरांस्नी सांगितलंस का ह्ये?"

"कसं सांगू? घरात इषबाधा चाललीय म्हणलं तर पोलिसात जाईल. दर खेपंला इचारत्यात त्या डाक्टरीनबाई. पाय जड वाटतात का, बोटांस्नी मुंग्या येतात का, पोट साफ हुतं का. मी म्हणतो, समदं झाक हाय."

भिवाजीनं त्याचा खांदा धरला.

"कुशा, नीट ऐक. ज्या बाईनं तुजं घर बघितलं न्हाई, तुजी चूल बघितली न्हाई, जिला तू कायबी सांगितलं न्हाईस, ती नेमकं तुज्या पायाचंच कसं इचारती? पोटाचंच कसं इचारती?"

कुशाबानं आपल्या पावलांकडं पाहिलं.

"कारण तिला ठावं हाय, असं हुतं म्हणून. ती वाट बगत हुती, तू कवा सांगशील त्याची."

६

खातरी करायला भिवाजी रविवारी सायकल काढून पौडला गेला. तिथल्या दवाखान्यातले डॉक्टर घरीच होते, बागेला पाणी घालत. कुशाबाचा इस्पितळाचा कागद त्यांनी दोनदा वाचला.

"मी हे औषध अजून हाताळलेलं नाही," ते म्हणाले. "नवीन आहे, दोन-तीन वर्षांतलं. पण वाचलंय. केस जातात. आतडं सुस्त पडतं. जबडा दुखतो. हातापायांच्या नसा मंदावतात, पाऊल लोंबतं. त्या नसांवर औषधाचा परिणाम होतो, तसा गाठीवरही होतो. बहुतेकांना हळूहळू बरं वाटतं, पण आधी डॉक्टरांना कळलं पाहिजे. मात्रा कमी करतात, थोडे दिवस थांबवतात. हा माणूस गप्प का बसला?"

"ह्यो रोग कुनापास्नं कुनाला लागतो का, डाक्टर?"

"नाही. भांड्याला शिवून नाही, पाण्यानं नाही. लेकीला होईलच असंही नाही."

भिवाजी निघाला, तसं डॉक्टरांनी फाटकाशी एका रोपाकडं बोट दाखवलं. गुलाबी, पाच पाकळ्यांची साधी फुलं.

"ह्यापासून काढतात ते औषध."

भिवाजीनं खाली वाकून पाहिलं. सदाफुली होती. मालेत दर दुसऱ्या अंगणात, तुळशीच्या कडेला, मसणवट्यात, कुणी न लावता उगवलेली. गाव एका वेलाला भिऊन बसलं होतं, आणि कुशाबाला गुण देणारं, पाय बधिर करणारं झाड पायाशी फुलत होतं.

पण सायकल हाणता हाणता त्याच्या ध्यानात आलं की आता सारं कळूनही त्याच्या हातात काही नाही. निघताना कुशाबानं त्याच्याकडून वचन घेतलं होतं. लग्न होईपर्यंत क्यान्सरचं नाव भिवाजीच्या तोंडून निघणार नव्हतं.

७

सोमवारी चावडी भरली. गोजराबाई गाठोडं घेऊन दाराशी उभी होती. लीलाबाई आणि जया बायकांच्या घोळक्यात होत्या. कुशाबाला खाटेवर आणून बसवलं होतं.

भिवाजीनं बोलायला सुरुवात केली. कळलावीनं ढाळ-वकाऱ्या होतात, कुशाबाला तसं काही झालं नाही, हे त्यानं सांगितलं. म्हसू उठून सुनेच्या बाळंतपणाचं बोलला, तशा चार बायकाही माना डोलवायला लागल्या. जबडा दुखतो तो गावाहून आल्यावर, घरचं अन्न पोटात जाण्याआधी, हेही त्यानं मांडलं.

कोंडिबानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला गावात खून नको होता, एवढंच.

"समदं पटलं, भिवादादा. मग येवडंच सांगा. गोजराबायनं न्हाई, तर कशानं झालं?"

भिवाजीनं कुशाबाकडं पाहिलं. कुशाबा जमिनीकडं बघत होता.

"ते मला सांगता येत न्हाई," भिवाजी म्हणाला.

चावडीत कुजबुज उठली. कोंडिबानं मान हलवली. "मग वर्दी द्यावी लागंल."

गोजराबाईनं कुणाची वाट पाहिली नाही. तिनं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं आणि पाठ फिरवली. तिची ती चाल भिवाजीनं ओळखली. बुडतं गाव सोडताना ती अशीच चालली होती.

"वयनी, थांबा."

कुशाबा उठत होता. आधार द्यायला दोघं धावले, त्यांना त्यानं हातानं दूर केलं. गुडघे उचलत, पावलं आपटत तो दारापर्यंत गेला आणि चौकट धरून उभा राहिला.

"मला क्यान्सर हाय," तो म्हणाला. "चैतापास्नं मुंबैला सुया घेतोय. ही दशा त्या औषदानं झाली. म्या लपीवलं, लेकीच्या लग्नापायी. वयनीनं मला कायबी घातलं न्हाई. लहानपनी भरवलं, तेवडंच."

एकेक करून माणसं उठून गेली. काहींनी जाताना चावडीच्या माठाकडं पाहिलं, हेही भिवाजीच्या नजरेतनं सुटलं नाही.

लग्न मोडलं. तिसऱ्या दिवशी वराकडचा माणूस आला, ओसरीवर न चढता निरोप सांगून गेला. लीलाबाई दिवसभर रडली. जया रडली नाही. "थोरल्या आयला घराभाईर काढून मला अक्षता नगं हुत्या," एवढं बोलून ती जात्यावर बसली. पुढं दोन वर्षांनी ती कासारसाईला दिली. त्या घरच्यांना भिवाजीनं आधीच जाऊन सगळं सांगितलं होतं, पौडच्या डॉक्टरांचे शब्दसुद्धा. त्या मांडवात कुशाबा काठी न घेता उभा होता आणि त्याच्या डोक्यावर पांढरे-काळे, पोरासारखे मऊ केस आले होते. म्हसूनं ते हात लावून बघितले. त्यानंतर कुशाबा आणखी चार वर्षं जगला.

पण हे सगळं पुढचं.

८

मंगळवारी सकाळी भिवाजी कुशाबाला सोबत म्हणून एसटीच्या थांब्यावर आला, तर गोजराबाई आधीच तिथं उभी. नवं लुगडं, हातात भाकरीचं फडकं. पौडाच्या पलीकडं ती जन्मात गेली नव्हती.

"वयनी, मला माफ—" कुशाबानं सुरुवात केली.

"ते नंतर बगू," ती म्हणाली. "इष घातलं म्हणालास, ते मी लगी इसरायची न्हाई. आदी त्या डाक्टरणीला इचारायचं हाय."

पुण्यापर्यंत एसटी, पुढं आगगाडी. खंडाळ्याच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा तिनं कुशाबाची बाही घट्ट धरली आणि उजेड आल्यावर सोडून दिली.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्म्यातल्या, थकलेल्या. कुशाबानं सगळं खरं सांगितलं. त्यांनी छोट्या हातोडीनं त्याचे गुडघे-घोटे ठोकून पाहिले. घोट्याशी पाऊल उडेना. मग बराच वेळ त्या लिहीत राहिल्या. दोन आठवडे सुई बंद, पुढं निम्मी, आणि पोटासाठी औषध.

"मी दर वेळी विचारत होते," त्या कुशाबाला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं.

"त्याला इचारत हुता," गोजराबाई म्हणाली. "बाई, तुमी शिकल्यात, मी अडानी. पर येक सांगा. भाकर कोन करतं? आंथरून कोन घालतं? केस गळलं की ते झाडतं कोन? आमी. मग आमाला का न्हाई सांगत? तुमच्या सुईनं ह्याचं पाय गेलं, आन इषाचा आळ माज्या चुलीवर आला. तुमी नुसतं येकदा तोंड उघडलं असतं, तर चावडीवर माजं नाव निगालं नसतं."

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. बाहेर रोग्यांची रांग लागली होती. त्यांनी दार लोटून घेतलं आणि गोजराबाईला स्वतःची खुर्ची दिली.

"कुणाला सांगायचं, हे आम्हालाही कळत नाही," त्या म्हणाल्या. "माणसं एकटी येतात. घरचं नाव विचारलं की गप्प होतात. तुम्हीच सांगा, काय करू?"

"कागूद द्या. मराटीत. जो वाचंल तो घरी वाचून दाखवंल."

भिवाजीनं खिशातून पेन काढलं. जन्मभर त्यानं दुसऱ्यांचे हुकूम लोकांच्या दारात नेले होते. लिहिलेला एकही त्याचा नव्हता. आता बाई सांगत गेल्या आणि तो सुवाच्य अक्षरात लिहीत गेला. केस जातील, पण परत येतील. जबडा दुखेल, नरम अन्न द्यावे. पोट धरेल, कळवावे. बोटांना मुंग्या आल्या, पाऊल अडखळले, तर लाजू नये, लगेच सांगावे. हा रोग शिवून लागत नाही.

"झालं?" त्यानं विचारलं.

"न्हाई," गोजराबाई म्हणाली. "खाली आनिक येक वळ ल्ह्या."

तिनं सांगितली, त्यानं लिहिली. बाईंनी ती वाचली आणि काही न बदलता कागद भिंतीला लावला.

सहा वर्षांनी, एकोणीसशे बाहत्तरच्या अखेरीस, कुशाबा गेल्यावर त्याचे शेवटचे कागद आणायला भिवाजी पुन्हा त्या खोलीत गेला. बाई बदलून गेल्या होत्या. भिंतीवरचा कागदही नवा होता. जुना पिवळा पडला असणार, म्हणून कुणीतरी त्याची नक्कल केली होती. अक्षर भिवाजीचं नव्हतं. बाकड्यावर बसलेला एक परगावचा म्हातारा बोट ठेवून ठेवून तो वाचत होता, शेजारच्या सुनेला ऐकू जाईल असा. सगळ्यांत खालच्या ओळीशी तो थांबला, आणि ती त्यानं दोनदा वाचली:

'घरच्या बाईने काही घातलेले नाही. तिच्या हातचे जेवावे.'